रेस चढलेली गाडी उघडण्याआधी: तयारीची यादी

पेट्रोल गाडी तापल्यावर न्यूट्रलमध्ये ७०० ते ९०० आरपीएमवर स्थिरावते. सकाळच्या पहिल्या स्टार्टला काटा १२०० ते १५०० वर गेला किंवा एसी लावल्यावर थोडा वर सरकला, तर तो बिघाड नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवूनही काटा १२०० च्या खाली येईना, तर मात्र कामाला लागा. पेट्रोल इंजिनाची रेस, म्हणजे पेडल न दाबता चालणारा वेग, हवेवर ठरते. ती चढली म्हणजे एकतर कुठून तरी चोरून हवा आत जाते आहे, नाहीतर इसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) चुकीच्या माहितीवरून स्वतःच जास्त हवा सोडतो आहे. सगळी तयारी या दोन्हींत फरक करण्यासाठी आहे. थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू फिरवून काटा खाली आणायचा मोह टाळा. तो कंपनीने बसवलेला असतो, आणि तो हलला की खरा दोष सापडणे आणखी अवघड होते. डिझेल गाड्यांना हे लागू नाही, तिथे रेस डिझेलच्या मात्रेवर चालते.

सामान आदल्या दिवशीच जमवा. थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरहून मागवायचे तर गाडी उघडी पडून राहते. दुकानात जाताना मॉडेल, साल आणि चेसिस नंबर लिहून न्या. सोबत मीटरभर व्हॅक्यूम पाइप (इन्टेकची ओढ पोचवणारा रबरी पाइप) आणा, पण जुन्या पाइपचा तुकडा दाखवून, त्याच आतल्या व्यासाचा. सैल पाइप क्लिप आवळूनही हवा ओढतो. ८, १० आणि १२ चे पाने, चार-सहा होज क्लिपा, थ्रॉटल क्लीनरचा एक डबा, जुना मऊ टूथब्रश, धागे न सुटणारे सुती फडके, टॉर्च, मल्टिमीटर, साबणाच्या पाण्याचा स्प्रे आणि सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारा स्कॅनर, एवढे पुरते. कार्बोरेटर क्लीनर मात्र नको. काही थ्रॉटल बॉडींना आतून लेप असतो, तो त्याने निघतो.

काम सकाळी सहा-सातला, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना सुरू करा. उन्हाळ्यात बॉनेटखाली हात घालवत नाही हे एक कारण, पण मोठे कारण सेन्सर तपासणीचे. चावी ऑन करून, स्टार्ट न करता स्कॅनरवर पाण्याचे तापमान बघा. ते बाहेरच्या हवेइतकेच, दोन-चार अंशांच्या फरकाने असायला हवे. हवा २८ अंश आणि सेन्सर उणे दाखवत असेल, तर इसीयूला वाटते बर्फात उभे आहोत, आणि तो रेस चढवतो. मल्टिमीटरने खात्री करता येते: बहुतेक सेन्सर २० अंशांना दोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतात. इन्टेकमधला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सरही याच वेळी बघा. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे संभाजीनगरला इंजिन बंद असताना साधारण ९५ किलोपास्कल आणि नांदेडला ९७ च्या जवळपास यायला हवे.

आता आपल्या मराठवाड्यातली हमखास गोष्ट. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला असतो. मग हिवाळ्यात हायवेवर पाणी ६० अंशांच्या वर चढत नाही, इसीयू इंजिन थंडच समजतो, रेस वर राहते आणि पेट्रोलही जास्त जाते. गाडी तापण्याचे कारण बहुतेकदा बोअरच्या जड पाण्याचा रेडिएटरमध्ये बसलेला क्षार असतो, त्यात थर्मोस्टॅटचा दोष नसतो. नवा थर्मोस्टॅट, त्याची रबर रिंग आणि तयार मिश्रणाचा कूलंट आधीच आणून ठेवा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका.

स्टार्ट करण्याआधी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, गाडी मोकळ्या हवेत ठेवा, बाही आणि उपरणे पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवा. मॅट पेडलवर चढले नाही ना, तेही बघा. पेडल केबलने थ्रॉटल ओढणारी गाडी असेल तर केबल बोटाने दाबल्यावर थोडी हलली पाहिजे.

इंजिन तापले की गॅरेजच्या स्कॅनरवर इसीयूची मागणी आणि प्रत्यक्ष आरपीएम शेजारी ठेवून वाचा. मागणीच १२०० असेल तर तापमान, बॅटरी, एसी किंवा स्टिअरिंगचा सिग्नल तपासा. चालू इंजिनावर बॅटरी १३.८ ते १४.४ व्होल्ट नसेल तर काही इसीयू चार्जिंगसाठी रेस वाढवतात. मागणी ८०० आणि प्रत्यक्ष १४००, म्हणजे बहुधा चोरवाट. एअरफ्लो मीटरच्या गाडीत अशा गळतीने फ्युएल ट्रिम (इसीयूने पेट्रोलच्या मात्रेत केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) अधिक दहाच्या वर जातो. मॅप सेन्सरच्या गाडीत ट्रिम जवळपास ठीक दिसतो आणि फक्त रेस चढते. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण ट्रिम बघून गळती नाही असे ठरवतात.

चोरवाट शोधताना बारीक व्हॅक्यूम पाइप एकेक करून हलकेच चिमटा. ज्याच्यावर रेस उतरली तो गुन्हेगार. इन्टेकच्या जोडांवर साबणाचे पाणी मारा. फट असेल तर पाणी ओढले जाऊन काटा हलतो. पेट्रोल फवारून बघणे आगीला निमंत्रण आहे. कडक उन्हाने कोपऱ्यांवर तडकलेले रबर, ऑइलच्या झाकणाची चपटी झालेली रिंग, सीएनजी किटसाठी टाकलेला टी-जोड, आणि सुगीत सोयाबीनच्या थप्पीशेजारी गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेले पाइप, हे आधी बघा. पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा) टाकीकडचा पाइप थंड इंजिनावर काढा, इंजिन चालू करून व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावा. तिथे ओढ असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. ब्रेक दाबताच फुसफुस होऊन रेस बदलत असेल तर ब्रेकचा बूस्टर गळतो आहे, आणि ती गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर काढू नका.

थ्रॉटल बॉडी काढायच्या आधी सगळ्या पाइपांचे मोबाइलवर फोटो घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती चावी ऑन असताना बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, मोटरमध्ये उडवू नका. बोल्ट अॅल्युमिनिअममध्ये बसतात, तेव्हा आलटून पालटून, बेताने आवळा. साफसफाईनंतर रेस आधीपेक्षा चढली तर घाबरू नका. काजळी भरून काढायला इसीयू चकती जास्त उघडायला शिकलेला असतो. काही गाड्या एसी बंद आणि मग चालू ठेवून दहा-दहा मिनिटे सोडल्यावर सुधारतात, काहींना स्कॅनरवरून थ्रॉटल अडॅप्टेशन (चकतीची जागा इसीयूला नव्याने शिकवणे) करावेच लागते. तुमच्या गाडीला कोणते लागते ते मॅन्युअलमध्ये आदल्या रात्रीच वाचून ठेवा.