हार्ड डिस्क बंद पडण्याआधी: घरच्या डेटाचा बॅकअप कसा ठेवावा

आधी एक गैरसमज दूर करू. सी ड्राइव्हवरचे फोटो डी ड्राइव्हवर टाकले की बॅकअप झाला, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. दोन्ही अक्षरं ‘डिस्क ०’च्या एकाच पट्टीत दिसली, तर तुमच्याकडे कॉपी नाही असंच समजा.

सगळा कॉम्प्युटर वाचवायची गरज नसते. विंडोज पुन्हा टाकता येतं, आधार आणि लायसन्स डिजिलॉकरमधून मिळतं. जे दुसरीकडे कुठेच नाही ते शोधा: आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, लग्नाचे मूळ फोटो, दुकानाचा टॅलीचा डेटा, मुलीचा प्रबंध. हे सगळं एका मोठ्या फोल्डरखाली आणा. या कामाला एखादा रविवार जातो, पण खरी मेहनत इथेच आहे. पुढचं सोपं आहे.

मग डिस्कची तब्येत बघा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. निळं ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ आलं तर त्याच दिवशी कॉपी काढा. यादीत ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी बघा. पहिला आकडा म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेल्या जागा, दुसरा म्हणजे वाचताना अडखळणाऱ्या जागा. हे आकडे वाढत असतील तर नवी डिस्क घ्या. मात्र निळा रंग ही हमी नव्हे. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) तर पुष्कळदा काहीही इशारा न देता बंद पडते.

आता एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या, तुमच्या डेटाच्या निदान दुप्पट जागेची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात घ्या नाहीतर ऑनलाइन, पण पक्कं बिल घ्या. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, आतला डेटा नाही, हे ध्यानात असू द्या. फारच स्वस्तातल्या, अफाट जागेच्या पेन ड्राइव्हच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या काहींवर छापलेली जागा आत नसतेच आणि फाइल गुपचूप खराब होतात.

ड्राइव्ह जोडून विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फाइल हिस्टरी’ ही आपोआप कॉपी काढणारी सोय चालू करा. मॅकवर ‘टाइम मशीन’. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डरच घेते. तुमचा फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर तो विंडोजच्या ‘लायब्ररी’ या फोल्डरांच्या यादीत जोडावा लागतो, आणि नेमकं हेच राहून जातं. काम झालं की ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढून ठेवा. कायम जोडलेली ड्राइव्ह विजेच्या झटक्यात किंवा रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) हल्ल्यात कॉम्प्युटरबरोबरच जाऊ शकते. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवा.

एवढ्यावर मुंबईत थांबून चालत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरची कित्येक घरं पाण्याखाली गेली. अशा वेळी कपाटातला लॅपटॉप आणि शेजारची ड्राइव्ह एकदमच भिजतात. म्हणून जाणकारांचा ३-२-१ हा नियम पाळा: मुळासकट तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दुसरी ड्राइव्ह ठाण्याच्या मावशीकडे ठेवा आणि गणपती-दिवाळीला जाल तेव्हा ताजी करा. ‘वेराक्रिप्ट’ या सॉफ्टवेअरने पासवर्ड लावून कुलूपबंद केली तर कोणी उघडायची धास्ती नाही. पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरातल्या एकाला द्या.

क्लाउडही चालेल, पण गुगलचे फुकटचे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो मिळून असतात. शिवाय सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या फाइल आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे: इथे पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते आणि गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते.

दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधले चार फोटो आणि एक जुनी फाइल दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही, फाइल उघडली पाहिजे. माझ्या मते ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण न तपासलेल्या बॅकअपचा दोष कळतो तो गरज पडते तेव्हाच.

आणि बॅकअप व्हायच्या आतच डिस्क टकटक वाजू लागली तर? लगेच बंद करा. आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना आणखी डेटा खरवडला जातो. फ्रीजरमध्ये ठेवू नका, स्क्रू उघडू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नका. क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे न्या, खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या, आणि परत मिळालेला डेटा नव्या डिस्कवरच मागा.