परदेशी नागरिकावरची अमेरिकी पाळत: किती रोखता येते, कशी रोखायची

पुण्यात राहणारा माणूस, न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर असलेली त्याची बहीण आणि तिथेच एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारा धाकटा भाऊ. तिघांचंही ईमेल गूगलकडे. पण अमेरिकी सरकारला ते वाचायचं झालं तर तिघांसाठी नियम वेगवेगळे आहेत, आणि सगळ्यात कमी अडथळे पुण्यातल्या माणसाच्या बाबतीत आहेत. तेव्हा फोनची सेटिंग्ज बदलायला बसण्याआधी आपण कायद्याच्या कोणत्या खान्यात मोडतो ते बघा.

आपला खाना कोणता

फिसा हा परकीय गुप्तवार्तेसाठीच्या पाळतीचा १९७८चा अमेरिकी कायदा. २००८ साली त्यात कलम ७०२ आलं. या कलमाखाली अमेरिकेबाहेर असलेल्या बिगर-अमेरिकी व्यक्तीचा संवाद अमेरिकी कंपन्यांकडून मागवता येतो. त्यासाठी त्या व्यक्तीच्या नावाचं वॉरंट लागत नाही. फिसा न्यायालय वर्षातून एकदा माहितीचे प्रकार आणि कार्यपद्धती मंजूर करतं, नावं तपासत नाही. नाव एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसारख्या यंत्रणेतला विश्लेषक ठरवतो.

बहीण ग्रीन कार्डधारक म्हणजे कायद्याच्या लेखी ‘अमेरिकी व्यक्ती’, त्यामुळे जगात कुठेही असली तरी तिला ७०२खाली लक्ष्य करता येत नाही. भाऊ अमेरिकेच्या भूमीवर आहे तोवर त्यालाही नाही. तो दिवाळीला मुंबईत उतरला की मात्र हे कवच गळून पडतं. पुण्यातल्या माणसाला ते कधी नव्हतंच.

‘आपण काही गुन्हा केलेला नाही’ हा दिलासा इथे चालत नाही, कारण गुन्ह्याचा संशय ही अटच नाही. ‘परकीय गुप्तवार्ता’ या व्याख्येत अमेरिकेच्या परराष्ट्र व्यवहाराशी संबंधित माहितीही बसते. मंत्रालयातला अधिकारी, तेलाचा व्यापारी, संरक्षण विषयावर लिहिणारा पत्रकार, कुणीही त्यात येऊ शकतो. अमेरिकी सरकारच्याच आकड्यांनुसार ७०२खालच्या लक्ष्यांची संख्या २०१३ मध्ये सुमारे ८९ हजार होती, २०२३ मध्ये ती सुमारे २ लाख ६८ हजार झाली. जगाच्या लोकसंख्येपुढे हे काहीच नाही. पण लक्ष्याशी बोलणारा प्रत्येक जण त्याच्याबरोबर जाळ्यात येतो. एनएसएची गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेननी दिलेल्या संभाषणांचा मोठा साठा वॉशिंग्टन पोस्टने २०१४ मध्ये तपासला, तेव्हा त्यातल्या दर दहा खातेदारांपैकी नऊ जण लक्ष्य नव्हतेच. म्हणजे आपण कोण आहोत याहून आपण कुणाशी बोलतो हे महत्त्वाचं.

माहिती दोन वाटांनी जाते. एक, कंपनीला आदेश देऊन खात्यातला मजकूर घेणं. २०१३ मध्ये ‘प्रिझम’ म्हणून गाजली ती हीच वाट. दोन, दूरसंचार कंपन्यांच्या मदतीने इंटरनेटच्या मुख्य तारांवरून वाहता संवाद उचलणं, ज्याला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. याशिवाय अमेरिकेबाहेर गोळा होणाऱ्या माहितीसाठी १९८१चा कार्यकारी आदेश १२३३३ आहे. तिथे न्यायालयाचा संबंधच नाही. गार्डियनने प्रसिद्ध केलेल्या एनएसएच्या एका अंतर्गत नकाशात मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा झाल्याचं दिसत होतं. भारताचा क्रमांक जगात पाचवा होता.

वाचण्याजोगी प्रत कुठे पडून आहे ते शोधा

तारेवरून जाणारा संवाद आता बहुतेक सगळीकडे कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो. खरी गळती होते ती सर्व्हरवर साठलेल्या प्रतीतून. कंपनीकडे किल्ली असेल तर आदेश आल्यावर ती कुलूप उघडून देते. किल्ली फक्त तुमच्याकडे असेल तर तिच्याकडे द्यायला मजकूर नसतो. प्रत्येक सेवेला हा एकच प्रश्न विचारा: किल्ली कुणाकडे?

जीमेल, गूगल फोटोज, गूगल ड्राइव्ह, आउटलुक: कंपनीकडे. टेलिग्रामचं साधं चॅट: कंपनीकडे, फक्त ‘सीक्रेट चॅट’ एंड-टू-एंड (म्हणजे किल्ली फक्त बोलणाऱ्यांकडे) असतं, आणि ते दर वेळी मुद्दाम सुरू करावं लागतं. टेलिग्राम सुरक्षित आहे ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की का बसली आहे, कळत नाही. सिग्नल या ॲपची किल्ली तुमच्याकडे, आणि न्यायालयाचा आदेश आला तेव्हा सिग्नलला खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं एवढंच देता आलं.

व्हॉट्सॲप २०१६पासून एंड-टू-एंड आहे, पण तिथे घोटाळा बॅकअपचा आहे. चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जातो, आणि आपण वेगळं सांगितल्याशिवाय त्याला एंड-टू-एंड संरक्षण मिळत नाही. ते असं सुरू करा: सेटिंग्ज, मग चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथे पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्ली निवडता येते. ती कागदावर लिहून घरात ठेवा. स्क्रीनशॉट काढू नका, तो गूगल फोटोजमध्ये जाऊन बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. किल्ली हरवली तर व्हॉट्सॲपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. नवा बॅकअप पूर्ण झाल्यावर ड्राइव्हच्या ‘बॅकअप्स’मध्ये जाऊन जुन्या फोनचा किंवा जुन्या खात्याचा उघडा बॅकअप राहिलाय का ते बघा आणि पुसा.

इथे सगळ्यात जास्त वेळा काय फसतं? तुम्ही बॅकअप बंद केला, पण कुटुंबाच्या ग्रुपमधल्या तीस जणांपैकी एका काकांनी केला नाही. मग तुमचा प्रत्येक संदेश काकांच्या ड्राइव्हवर उघडाच आहे. म्हणून नाजूक बोलणं मोठ्या ग्रुपमध्ये नको. दोघांतच बोला, दोघांनीही बॅकअप कूटबद्ध केलाय ना ते विचारा, आणि ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ सात दिवसांवर लावा. एवढं करूनही कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं हा मेटाडेटा व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीकडे राहतोच. तोही नको असेल तर सिग्नल.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये वर आपल्या नावावर जा, आयक्लाउड उघडा आणि ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ सुरू करा. आधी रिकव्हरी काँटॅक्ट नेमावा किंवा रिकव्हरी की तयार करावी लागते. याने फोनचा बॅकअप, फोटो आणि नोट्स तुमच्या किल्लीखाली येतात. आयक्लाउड मेल, काँटॅक्ट्स आणि कॅलेंडर येत नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारच्या दबावानंतर ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये हीच सोय काढून घेतली, तेव्हा लंडनला स्थायिक होणाऱ्यांनी ती गृहीत धरू नये.

ड्राइव्हवर फाइल ठेवायचीच असेल तर आधी आपल्या संगणकावर क्रिप्टोमेटरसारख्या मुक्त सॉफ्टवेअरने कूटबद्ध करा, मग चढवा. पासवर्ड म्हणून सहा-सात असंबद्ध शब्दांची ओळ घ्या. गाण्याची किंवा अभंगाची ओळ नको. ईमेलसाठी प्रोटॉन ही स्विस सेवा चांगली, पण त्याच्या मर्यादा ओळखून. दोन्ही टोकं प्रोटॉनवर असतील तरच पत्र आपोआप एंड-टू-एंड राहतं. जीमेलला साधं पाठवलं की त्याची उघडी प्रत गूगलकडे तयार होते. प्रोटॉनवर विषयाची ओळ एंड-टू-एंड नसते. शिवाय स्विस आदेशानुसार २०२१ मध्ये प्रोटॉनने एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून दिला होता. मजकूर सुरक्षित राहिला, माणूस ओळखला गेला.

व्हीपीएनवर भिस्त ठेवू नका

व्हीपीएन तुमची हालचाल जिओ किंवा एअरटेलपासून लपवतं. ज्या गूगल खात्यात तुम्ही लॉगइन आहात त्या गूगलपासून नाही. अमेरिकेतला सर्व्हर निवडला म्हणजे अमेरिकी माणसाचं संरक्षण मिळेल, हाही भ्रम. एनएसएच्या उघड झालेल्या २००९च्या कार्यपद्धतीत, ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही तो बिगर-अमेरिकी असल्याचं गृहीत धरा, असंच लिहिलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा अनेक कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलून नेले. ज्यांनी ठेवले त्यांचं नोंदींबाबतचं धोरण वाचून घ्या.

व्हिसाचा अर्ज

अमेरिकी व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात २०१९पासून मागच्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची नावं विचारतात. एप्रिल २०२४च्या कायद्याने ७०२ला दोन वर्षांची मुदतवाढ देताना, अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या परदेशी व्यक्तींची छाननी ७०२खाली जमलेल्या साठ्यातून करण्याची मुभाही दिली. इथे लपवाछपवी करू नका. खातं असताना ‘नाही’ लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि त्यापायी कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. जुन्या पोस्ट काढायच्या तर अर्जाच्या बऱ्याच आधी काढा, नाव मात्र खरं लिहा.

हे योग्य आहे का, आणि दाद कुठे मागायची

पाळतीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. अमेरिकेच्या खासगीपणा देखरेख मंडळाने २०१४ मध्ये देशांतर्गत फोन-नोंदींच्या सरसकट साठ्याला जवळजवळ निरुपयोगी ठरवलं, पण ७०२चा दहशतवादाच्या तपासात उपयोग झाल्याचं मान्य केलं. प्रश्न उपयोगाचा नसून कुंपणाचा आहे. खासगीपणा माणसाचा हक्क असेल तर तो पासपोर्ट बघून का बदलावा? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये परदेशात राहणाऱ्या परक्या माणसाच्या मालमत्तेच्या झडतीला चौथी घटनादुरुस्ती (अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी) लागू होत नाही असं ठरवलं. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९ मे २०२० रोजी नेमकं उलट सांगितलं: जर्मन सरकार परदेशातल्या परदेशी माणसाचं बोलणं ऐकतं तेव्हाही ते जर्मन राज्यघटनेने बांधलेलं असतं. दुसरी भूमिका जास्त पटते, कारण परदेशी माणूस त्या सरकारला मत देऊन खाली खेचू शकत नाही. न्यायालयाखेरीज त्याला तिथे कुणी नाही.

म्युनिकला किंवा डब्लिनला राहणाऱ्यांना दाद मागण्याची एक खिडकी आहे. २०२२च्या कार्यकारी आदेश १४०८६नुसार युरोपीय संघातून १० जुलै २०२३नंतर अमेरिकेला गेलेल्या डेटाबद्दल तक्रार करता येते. ती तुमच्या देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे द्यायची. आपल्यावर पाळत होती हे सिद्ध करावं लागत नाही. कोणतं खातं, डेटा कोणत्या सेवेमार्फत अमेरिकेला गेला असं वाटतं, कोणता नियम मोडला असं वाटतं, काय हवं (उदाहरणार्थ डेटा पुसणं) आणि इतरत्र दाद मागितली असल्यास ते लिहा. ओळख पटवायची कागदपत्रं जोडा. उत्तर ठरावीक येतं: उल्लंघन आढळलं नाही, किंवा आढळलं असल्यास दुरुस्तीचा आदेश दिला आहे. यातलं नेमकं कोणतं, ते सांगत नाहीत. ते पटलं नाही तर ६० दिवसांत अमेरिकेच्या डेटा संरक्षण पुनरावलोकन न्यायालयाकडे अपील.

पुण्याहून हीच तक्रार घेतली जात नाही, कारण या आदेशाखालच्या पात्र देशांत भारत नाही. माहिती अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली एनएसएकडे अर्ज परदेशी माणूसही करू शकतो, पण ‘अशा नोंदी आहेत वा नाहीत हे सांगू शकत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. त्यात वेळ घालवू नका. पात्र देश ठरवताना अमेरिकेचे ॲटर्नी जनरल इतर निकषांबरोबर हेही तपासतात: तो देश स्वतःच्या टेहळणीत अमेरिकी लोकांच्या डेटाला योग्य संरक्षण देतो का. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९खालचा आदेश गृहसचिवांच्या सहीने निघतो आणि त्याची फेरतपासणी करणाऱ्या समितीतही सचिवच असतात, न्यायाधीश नाही. खासदारांना पत्र लिहायचं तर अमेरिकेबद्दल नको, या समितीत न्यायाधीश आणण्याबद्दल लिहा.