शी-हल्कचं वकीलपत्र

फौजदारी बाजूला काम करायचं म्हणून जे नवे वकील माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना मनातून गुन्हेगार पकडायचे असतात. त्यांना मी शी-हल्कची कॉमिक्स वाचायला देते. बाईंचं काहीतरी बिनसलंय असा चेहरा करून घेतात, पण वाचतात.

ओळख थोडक्यात. जेनिफर वॉल्टर्स, लॉस एंजेलिसची फौजदारी वकील. हल्क, म्हणजे रागावला की हिरवा, अचाट ताकदीचा होणारा ब्रूस बॅनर, तिचा मामेभाऊ. गोळी लागल्यावर तिला त्याचं रक्त चढवलं जातं आणि तीही तशीच हिरवी, ताकदवान शी-हल्क होऊ लागते. १९८० साली स्टॅन ली आणि जॉन बुसेमा यांनी तिला कागदावर आणलं, तेही हक्कांच्या धास्तीने: हल्कच्या टीव्ही मालिकेवाल्यांनी आधी बाई-हल्क काढली तर हक्क हातचे जातील. वकिलीच्या पात्राला साजेसाच जन्म म्हणायचा!

ती १९८०ची कॉमिक्स मालिका आपल्या कामाची नाही. सुरुवात डॅन स्लॉटच्या २००४च्या मालिकेपासून करा. पहिल्याच अंकात जेनिफर सरकार पक्षाकडून केस जिंकते आणि समोरचा वकील म्हणतो, या बाईंनी अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीबरोबर जग वाचवलंय, म्हणजे ज्युरीतला प्रत्येक माणूस यांचा ऋणी. मग हा निकाल निःपक्षपाती कसा? जिंकलेली केस हातची जाते, नोकरीही जाते. पुढे ज्या फर्ममध्ये काम मिळतं, तिथे अट अशी की ऑफिसात जेनिफर म्हणूनच यायचं. मला ही अट फार पटते. वकील आणि सुपरहिरो अशा दोन भूमिका सांभाळताना वेळ पुरत नाही, असं सगळे म्हणतात. वेळेचं काय, रात्र असतेच. अडचण येते ती एकाच प्रकरणात दोन्ही भूमिका आल्या की.

माझ्या एका ज्युनियरने एसटी स्टँडवर मोबाइल चोराला पळत जाऊन धरलं. छान केलं. पुढे दोषारोपपत्र आलं, साक्षीदारांच्या यादीत याचं नाव. तर म्हणतो, "मॅडम, फिर्यादीतर्फे मीच सरकारी वकिलांना मदत करतो. मला सगळं माहितीये."

"अरे, सगळं माहितीये म्हणूनच तुला नाही करता येणार."

बार कौन्सिलच्या आचारनियमांत हे स्पष्ट आहे. ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असं वाटायला कारण आहे, ते घ्यायचंच नाही. मध्येच तशी वेळ आली तर पक्षकाराचं नुकसान होणार नाही अशा बेताने बाजूला व्हायचं. अमेरिकेतही साधारण हाच नियम. तेव्हा शी-हल्कने रात्री ज्याला भिंतीत गाडला, त्याच्या केसमध्ये जेनिफरची जागा पिंजऱ्यात, साक्षीदार म्हणून. सरकारी बाजूलाही हेच तत्त्व आहे. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्या ताब्यात नकोत. तपास करणारा एक, खटला चालवणारा दुसरा.

पकडण्याची हौस असेलच तर नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४० पाठ करा. तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर तुम्हीही अटक करू शकता, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यायचा. गच्चीवरून उलटा लटकवून कबुली घ्यायची नाही. आणि अ‍ॅव्हेंजर्सचा पूर्णवेळ पगार घेत वकिलीही करायची, तेही आपल्याकडे चालत नाही. नोकरी धरायची तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते.

सगळ्यात वकिली वास चार्ल्स सोलच्या २०१४च्या मालिकेला आहे, कारण लेखक स्वतः वकील. सुरुवातीलाच फर्म तिला बोनस नाकारते: तुमच्या ओळखीने सुपरहिरो पक्षकार येतील वाटलं होतं, ते कुठे आहेत? ती राजीनामा देते आणि ब्रुकलिनमध्ये छोटं ऑफिस थाटते. (ओळखीवर घेतलेल्या ज्युनियरांनी हे पान दोनदा वाचावं.) तिथे डॉक्टर डूम या खलनायकाचा मुलगा क्रिस्टॉफ येतो, त्याला अमेरिकेत आश्रय हवा असतो. तो अर्ज देशात आल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो आणि साहेब उगवतात मुदतीच्या शेवटच्या दिवशी. मग रोबोंशी जी मारामारी होते, ती पक्षकाराला वेळेत कोर्टापर्यंत पोचवण्यासाठी. तुमच्याकडेही असेच येतील, चेक बाउन्सचा मेमो, म्हणजे चेक वटला नाही अशी बँकेची चिठ्ठी, खिशात घडी करून. बँकेचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट, नंतर महिन्याभरात फिर्याद. पक्षकार चहा घेत भाऊबंदकी सांगत बसेल. तुम्ही आधी मेमोवरची तारीख बघा आणि डायरीत लिहा.

२०२२ची टीव्ही मालिका नऊ भागांची आहे. गंमत म्हणून बघा, कोर्ट त्यात बेताचंच. ब्लॉन्स्की या कैदी खलनायकाच्या पॅरोलचं काम घ्यायच्या आधी जेनिफर ब्रूसला फोन करते, कारण या माणसाने त्यालाच मारायचा प्रयत्न केलेला असतो. तो फोन मात्र नीट ऐका. नात्यातलं प्रकरण आलं की असा फोन तुम्हालाही करावा लागणार आहे.

सोलच्या मालिकेच्या शेवटाकडे कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोवर एका जुन्या मृत्यूवरून दिवाणी दावा लागतो. समोर वकील मॅट मर्डॉक, म्हणजे डेअरडेव्हिल, तोही वकील आणि सुपरहिरो दोन्ही. दाव्याचा आधार काय, तर मरणशय्येवरच्या एका म्हाताऱ्याने आपल्या भावाच्या मृत्यूबद्दल सांगितलेली हकिकत. स्वतःच्या नव्हे, भावाच्या. ती आपल्याकडे मृत्युपूर्व जबानी म्हणून चालेल का? नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम २६ काढा, जुन्या कायद्यातलं ३२ शेजारी ठेवा. माझ्याकडच्या ज्युनियरांकडून मी हे उत्तर लेखी मागते, केस लॉसकट, म्हणजे कोर्टांच्या आधीच्या निकालांसकट.