अमिट्रिप्टिलिन, डोसुलेपिनसारख्या गोळ्या सुरू केल्यावर पहिला महिना कसा काढायचा

अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, डोसुलेपिन या सगळ्या ट्रायसायक्लिक गटातल्या गोळ्या. नैराश्यासाठी देतात, नसांच्या दुखण्यासाठी आणि मायग्रेनसाठीही देतात. आमच्या घरात आधी आईच्या आणि नंतर मामांच्या गोळ्या मीच सांभाळल्या.

हृदयविकार, काचबिंदू, लघवी अडकणं, फिट येणं यातलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा, सर्दीची आणि दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलचीसुद्धा. उतारवयात ईसीजी काढून घ्या. मेडिकलमध्ये पट्टीवरचा आकडा वाचा, कारण 10, 25 आणि 75 मिलिग्रॅमच्या गोळ्या वेगवेगळ्या येतात. दारू बंद.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. त्रास पहिल्या दिवसापासून होतो आणि मन सावरायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. माणसं दुसऱ्या आठवड्यातच गोळ्या टाकून देतात. त्यात कोणीतरी सांगतं, "झोपेची गोळी हाय ती, सवय लागंल. त्यापेक्षा रंकाळ्याला दोन फेऱ्या मार." फेऱ्या जरूर माराव्यात, पण त्यासाठी गोळी सोडायची नाही. ही झोपेची गोळी नाही आणि तिची नशेसारखी चटक लागत नाही. लवकर गुण यावा म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवणं तर त्याहून वाईट.

तोंड कोरडं पडतं. त्यावर दिवसभर गोळ्या-चॉकलेट चघळू नका, दात किडतात. पाण्याचे घोट घ्या. बद्धकोष्ठतेसाठी भाज्या, फळं आणि भरपूर पाण्यासोबत इसबगोल घ्या. लघवी अडकली, छातीत धडधडलं, डोळा दुखून धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उठताना रक्तदाब घसरतो. रात्री लघवीला उठलेली म्हातारी माणसं नेमकी तेव्हाच पडतात. मिनिटभर काठावर बसायचं, मगच उभं राहायचं. बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. गोळी बहुतेक वेळा रात्रीच देतात. तरी सकाळी गुंगी राहत असेल तर ती थोडी आधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गुंगी उतरेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, घर ते लक्ष्मीपुरी एवढ्या अंतरासाठीसुद्धा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही जणांत मन सावरण्याआधी अंगात बळ येतं आणि त्याच दिवसांत जीव द्यायचे विचार उसळू शकतात. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे जास्त लक्ष द्या. अस्वस्थपणा वाढला, झोप उडाली, निरवानिरवीची भाषा आली तर थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरात सगळ्यांना माहीत हवा, तो चोवीस तास चालतो. गोळ्यांचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात आणि कुलपात ठेवा, लहान मुलांपासूनही लांब. डॉक्टरांकडून थोड्याच दिवसांच्या गोळ्या लिहून घ्या, कारण या गटातल्या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर हृदयाची लय बिघडते आणि झटके येतात.

तसं घडलं तर माणूस सुरुवातीला ठीक दिसतो. त्यावर विसंबू नका. उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. 108 ला फोन करा किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, आणि रिकामी पट्टी सोबत घ्या.

एखादी रात्र गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

बरं वाटलं म्हणून गोळी एकदम तोडायची नाही. मळमळ, डोकेदुखी, चिडचिड होते, झोप जाते आणि घरचे म्हणतात, बघ, सवय लागली. नैराश्यात बरं वाटल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात आणि मग काही आठवड्यांत उतरवत नेतात. ते वेळापत्रक तोंडी ऐकून येऊ नका, कागदावर लिहून घ्या. उरलेल्या गोळ्या कंबर दुखणाऱ्या शेजाऱ्यांना देऊ नका. त्यांना काचबिंदू आहे का, हृदयाचा त्रास आहे का, हे तुम्हाला ठाऊक नसतं.