लिपिड पुटिका फुटतात? आधी ऑस्मोलॅरिटी मोजा
मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये (अतिशय बारीक नलिकांमधून द्रव वाहवणारी चिप) पेशीसारख्या लिपिड पुटिका, म्हणजे मेदाच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या, नीट तयार होतात, पण नंतर फुटतात किंवा चुरगळतात, तेव्हा चिपची रचना बदलण्याआधी आतल्या-बाहेरच्या द्रावणांची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण, तपासा. लिपिडच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, साखर जवळजवळ नाही. त्यामुळे बाहेरचं द्रावण विरल असेल तर पुटिका फुगते, तीव्र असेल तर आक्रसते. आत सुक्रोज आणि बाहेर तेवढ्याच ऑस्मोलॅरिटीचं ग्लुकोज ठेवा. सुक्रोजचं द्रावण जड, म्हणून पुटिका तळाशी बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पटकन सापडतात; ही सोय फार मोलाची आहे. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आणि क्षार मिसळून झाल्यावरच ऑस्मोमीटरवर मोजा, नुसत्या हिशेबावर विसंबू नका. चिपमध्ये सोडण्याआधी द्रावणं ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.