एका दिवसात दोन सायकल रेस: मधले तास कसे काढायचे

समजा सकाळी साडेसहाला टाइम ट्रायल (टीटी), म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची रेस, आणि संध्याकाळी साडेचारला क्रिटेरियम, म्हणजे छोट्या सर्किटवर लॅप मारायच्या, आणि तुम्ही दोन्हीत नाव दिलंय. बहुतेक हौशी रायडर सगळं टेन्शन पहिल्या रेसचं घेतात आणि दुसरी येईपर्यंत पाय गळालेले असतात. माझं तर स्पष्ट मत आहे की दुसरी रेस मधल्या तासांतच ठरते, त्यात गोव्याच्या दमट उन्हात तर नक्कीच.

टीटी संपली की लगेच आडवे होऊ नका, दहा मिनिटं हलक्या गिअरवर पाय फिरवा आणि मग घामाची शॉर्ट ताबडतोब बदला. ती तशीच घालून गप्पा मारत बसलात तर जांघेत पुरळ उठतं आणि संध्याकाळी सॅडलवर बसवत नाही. दुसरी धुतलेली किट बॅगेत पाहिजेच, सकाळची दुपारपर्यंत वाळेल या भरवशावर इथे तरी राहू नका.

आता खाणं, यात अजिबात हयगय नको. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, पूर्ण संपलं तर परत भरायला साधारण २४ तास लागतात, तेवढा वेळ आपल्याकडे नाहीये, म्हणून पहिले तीन-चार तास दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कार्ब पोटात गेलं पाहिजे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०-७० ग्रॅम. दोन केळ्यांत पन्नासेक ग्रॅम मिळतात. पण रेसनंतर भूक मेलेली असते, घास गिळवत नाही, आणि तिथे आपली उकड्या तांदळाची पेज कामाला येते. घरून थर्मासमधून न्या, मीठ जरा सढळ हाताने घाला, सोबत तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं लोणचं. आधी वरचं पाणी प्यायचं, मग खालची शितं सावकाश खायची, म्हणजे पाणी, मीठ, कार्ब तिन्ही एकत्र. तासाभराने पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) पाव आणि दोन अंडी. दुपारी भात आणि साधं वरण, तेही रेसच्या तीन तास आधी उरकायचं. तळलेलं नुस्तं (मासे) आणि शागुती, म्हणजे खोबऱ्याच्या मसाल्यातलं मटण-चिकन, रात्रीसाठी राखून ठेवा, एवढं तेल-खोबरं लवकर पचत नाही.

पाण्याचा हिशोब वजनावरून करायचा. रेसच्या आधी आणि नंतर काट्यावर उभे राहा, एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत घोट घोट प्यायचं. नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत बेस्ट. दुपारनंतरही लघवी गडद पिवळी असेल, अंगावर शहारे येत असतील किंवा गरगरत असेल तर दुसरी रेस सोडायची, यात चर्चा नाही.

दुपारी बीचवर जायचा मोह होतो, पण नका जाऊ प्लीज. पंख्याखाली पाय भिंतीला टेकवून पडा, वीस-पंचवीस मिनिटं डोळा लागला तर उत्तम. जास्त झोपलात तर अंग जड होतं.

सायकल बंद गाडीत उन्हात ठेवू नका, आत हवा तापते आणि टायरमधलं प्रेशर वाढतं. सावलीत काढून ठेवा, चेनवरची तांबडी धूळ फडक्याने पुसा आणि दोन्ही टायरवरून बोट हळूच फिरवा. रबरात रुतलेली बारीक खडी अशीच सापडते, ती टोकदार काडीने उपसून काढा. प्रेशर रेसच्या अर्धा तास आधी परत चेक करायचं.

दुसऱ्या रेसचा वॉर्मअप छोटाच ठेवा, पंधरा मिनिटं आणि मध्ये दोन-तीन छोटे जोर. सुरुवातीला पाय लाकडासारखे वाटतात, ते पाहून घाबरू नका, बहुतेक वेळा नंतर सुटतात. कॉफी पिणार असाल तर स्टार्टच्या तासभर आधी. आणि स्टार्टला पुढे उभे राहा, पहिल्या दहा-पंधरात, कारण मागे राहिलं की प्रत्येक वळणावर आधी ब्रेक आणि मग उभं राहून स्प्रिंट, थकलेल्या पायांना हेच सगळ्यात महाग पडतं. पुढच्याच्या चाकामागे राहून वारा चुकवा, टीटीत ते चालत नाही पण इथे चालतं, आणि शेवटच्या दोन-तीन लॅपपर्यंत वाऱ्यात तोंड काढू नका.