एमए, कथा आणि पायथन: तिन्ही एकत्र कसं जमवायचं

एमए करताना कथाही लिहायच्या आणि कोडिंगही शिकायचं ठरवलं की आपण आधी टाइमटेबल बनवतो, सकाळी हे रात्री ते, आणि असाइनमेंटची तारीख जवळ आली की सगळं कोलमडतं. त्यापेक्षा कोडिंगला सरळ लिखाणाच्या कामाला लावा. कोर्समधला कॅल्क्युलेटरचा प्रोजेक्ट राहू दे, स्वतःची कथा टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करा आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेने उघडा (एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ द्याच, नाहीतर विंडोजवर मराठी अक्षरांचा पार चुथडा होऊ शकतो), मग पायथनमधल्या स्प्लिटने शब्द सुटे करा आणि काउंटरने कोणता शब्द किती वेळा आलाय ते मोजा. यादीत वरती 'आणि', 'होता' असलेच शब्द येणार, ते सोडून द्या, त्यांच्याखाली बघा, 'अचानक', 'जणू' किती वेळा पडलेत ते तिथे दिसतं आणि एडिटिंग कुठून सुरू करायचं ते कळतं. पायथनला 'कथा' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर 3 येतं, कारण काना वेगळा मोजला जातो, म्हणजे युनिकोडपण (कॉम्प्युटरवर सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर द्यायची पद्धत) जाताजाता शिकून होतं. हाच कोड डिझर्टेशनच्या चॅप्टरलाही चालतो, शब्दमर्यादा असते ना तिथे.

परीक्षेच्या महिन्यात कोडिंग बिनधास्त बंद ठेवा, सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायचे नियम, नंतर परत बघता येतो. लिखाण मात्र पूर्ण सोडू नका असं मला मनापासून वाटतं, कारण कथेचा सूर एकदा सुटला की परत धरायला फार त्रास होतो, रोज चार ओळी झाल्या तरी चालतील. आणि उठताना फाइलच्या शेवटी पुढचा प्रसंग काय ते एका वाक्यात लिहून ठेवा.